भोपळा मिळाला की पास

लिनक्स शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का बसतो तो लिनक्सच्या अबोलपणाचा. एक फाइल इथून उचलून तिथे ठेव असा हुकूम टाइप करावा, एंटर दाबावं, आणि पुढे काहीच घडू नये! म्हणजे फाइल गेलेली असते, नेमक्या जागी गेलेली असते. पण ‘झालं हो’ असं कुणी म्हणत नाही. हिरवी खूण नाही, टिंग नाही, अभिनंदन नाही. खालच्या ओळीवर कर्सर तेवढा लुकलुकत राहतो. आपण ज्या घरांतून येतो तिथे पाण्याचा तांब्या जागेवर ठेवला तरी दोन वाक्यं ऐकावी लागतात, एक ठेवण्याच्या पद्धतीवर आणि एक एकूण वळणावर. अशा माणसाला हा मौनाचा कारभार सोसत नाही. हुकूम पोचलाच नसेल असं धरून तो पुन्हा तेच टाइप करतो. आता मात्र लिनक्सला वाचा फुटते : अशी फाइलच इथे नाही. लगेच मागच्या बाकावरून आरोळी येते, ‘सर, फाइल गेली!’

‘गेली नाही, पोचली,’ सर म्हणतात. दर बॅचच्या पहिल्या तासाला त्यांना हे वाक्य म्हणावंच लागतं.

सर मूळचे हुबळीचे. ते इंग्रजीत शिकवतात, कन्नडमध्ये चिडतात आणि सांगली-मिरजेकडची पोरं दिसली की मराठीत समजूत घालतात. दर दहा मिनिटांनी ते वर्गाला ‘अर्थ आयता?’ म्हणून विचारतात. म्हणजे, कळलं का? वर्गातून चकार शब्द येत नाही. सर ते यश समजून पुढे सरकतात. आयुष्य लिनक्समध्ये गेल्याचा परिणाम.

वर्ग भरतो बंगळूरमधल्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फेज वनमध्ये, नीलाद्री रोडच्या एका आतल्या गल्लीत. खाली इडली-वड्याची दर्शिनी, वर मुलांचं पीजी, मधल्या मजल्यावर आम्ही. त्यामुळे लिनक्सचं शिक्षण सांबाराच्या वासात आणि डोक्यावर बादल्या सरकवल्याच्या आवाजात चालतं. बाहेरच्या फलकावर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं मोठ्या अक्षरांत आहे आणि त्याच्यापुढे ‘असिस्टन्स’ हा शब्द एवढा बारीक, की तो वाचायला नोकरी लागून चष्मा घ्यावा लागेल. माझं काम सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहिण्याचं. ज्या गोष्टीबद्दल आपण लिहितो ती एकदा बघून घ्यावी, असा विचार आमच्या मॅनेजरच्या मनात आला आणि मला शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये बसवण्यात आलं. वर्गातली बाकीची मंडळी माझ्या निम्म्या वयाची. पीजीत माणसाला नावाने हाक मारायची पद्धत नसल्यामुळे एक लातूर, एक निपाणी, एक नांदेड. एक मुलगी चिपळूणची. तिला मात्र सगळे ‘मॅडम’ म्हणत, कारण तिला उत्तरं येत होती.

ज्या जमिनीवर हा वर्ग भरतो ती १९७०च्या दशकापर्यंत कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांची होती. कर्नाटक सरकारच्या किऑनिक्स या कंपनीचे आर. के. बाळिगा यांच्या डोक्यात आलं, की इथे इलेक्ट्रॉनिक्सचं शहर वसवावं. ३३२ एकर जागा ठरली. त्या काळात बंगळूरहून होसूर रस्त्याने एवढ्या लांब कोण मरायला येणार, असं म्हणणारे लोकही असतीलच. त्यांची नातवंडं आता इथे पीजीत राहतात. पुणेकराला मात्र या भागात आल्यावर वेगळीच कळ येते. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात जन्माला आली आणि १९८३ साली बंगळूरला गेली, ही गोष्ट पुण्यात आजही अशा सुरात सांगितली जाते, जणू चहाला थांबा म्हणायचं राहून गेलं म्हणून पाहुणे उठून गेले. इन्फोसिसच्या कुंपणाशेजारून जाताना आमच्यातला एक तरी पुणेकर ‘हे सगळं खरं तर आपलं’ असं पुटपुटतोच. लातूर-नांदेडवाल्यांना याचं काही वाटत नाही. त्यांना पुणंही लांबच होतं.

क्लासला उशिरा येण्याचं कारण पूर्वी एकच असे, सिल्क बोर्ड. त्या चौकाचं नाव घेतलं की कुठलाही मास्तर पुढे विचारत नसे. २०१०मध्ये उंचावरून जाणारा रस्ता झाला तरी हे कारण टिकून होतं, कारण त्या रस्त्यावर चढायलाच सिल्क बोर्ड ओलांडावा लागे. पण ऑगस्ट २०२५मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्रापर्यंत, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या उशिरा येणाऱ्यांचं वर्षानुवर्षांचं भांडवल बुडालं. नशिबाने सुरुवातीला गाड्याच तीन होत्या आणि त्या पंचवीस-पंचवीस मिनिटांनी येत. ‘सर, एक चुकली’ एवढ्यावर भागून गेलं.

तर लिनक्सच्या मौनाबद्दल. मला वाटलं होतं, हा कुणाचा तरी तुसडा स्वभाव असेल. सरांनी कारण सांगितलं ते अगदीच कामगारवर्गातलं निघालं. लिनक्स ज्याच्या वळणावर गेलं ते युनिक्स १९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी रचायला घेतलं. त्या काळात पडदा सर्रास नव्हता. टेलिटाइप नावाचं एक धडधडणारं यंत्र कागदावर अक्षरं छापायचं, सेकंदाला दहा. ‘आपली फाइल यशस्वीरीत्या हलवण्यात आली आहे’ एवढं छापायचं तर चार-पाच सेकंद खडखडाट ऐकत बसावं लागलं असतं. म्हणून ठरलं, काम झालं तर गप्प बसायचं, बिघडलं तरच बोलायचं. हुकमांची नावंही त्याच काटकसरीत दोन-दोन अक्षरांवर आली : एलएस, सीपी, एमव्ही, आरएम. यंत्र भंगारात गेलं. सवय राहिली.

पण काम खरंच झालं की नाही हे कळायला काही तरी हवंच ना? त्याचा उपाय सरांनी दुसऱ्या दिवशी शिकवला. प्रत्येक हुकूम संपताना गुपचूप एक आकडा मागे ठेवून जातो. तो बघायचा तर ‘एको’, मग डॉलरची खूण, मग प्रश्नचिन्ह. लातूरने एक हुकूम दिला, आकडा बघितला आणि त्याचा चेहरा पडला.

‘सर, शून्य आलं.’

‘मग पास की हो तुम्ही!’

वर्गात शांतता पसरली. यातल्या प्रत्येकाने बालपणी गणिताच्या पेपरावर भोपळा घरी नेलेला होता आणि त्याचे परिणाम भोगलेले होते. लिनक्समध्ये शून्य म्हणजे यश, आणि एकपासून २५५पर्यंतचे सगळे आकडे म्हणजे नापास होण्याचे प्रकार. असं का, तर यश एकाच तऱ्हेचं असतं, त्याला एक आकडा पुरतो; चुकायच्या तऱ्हा अनेक, तेव्हा त्यांना जागा जास्त हवी. असा हुकूमच अस्तित्वात नसेल तर १२७. हुकूम आहे, पण तो चालवायची परवानगी नसेल तर १२६. तुम्हीच कंटाळून कंट्रोल-सी दाबून मध्येच थांबवलात तर १३०. कुणी बाहेरून ठार मारलं तर १३७. माझ्या मते निकालाची याहून प्रामाणिक पद्धत आपल्याकडच्या एकाही शिक्षण मंडळाला सुचलेली नाही. नुसतं ‘अनुत्तीर्ण’ म्हणून सोडून देत नाहीत, कशामुळे मेलात तेही सांगतात. निपाणीने त्याच रात्री घरी फोन करून आईला सांगितलं, ‘आज समद्यात झिरो पडला’, आणि वर ‘म्हंजे चांगलं असतंय ते’ असा खुलासा केला. आईचा विश्वास बसला नाही. दहावीलाही तो असेच खुलासे देत असे.

व्हीआय नावाच्या संपादकाबद्दल फार लिहीत नाही. त्यात शिरणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड, एवढं सगळ्या जगाला माहीत आहे. प्रोग्रॅमर लोक ज्या स्टॅक ओव्हरफ्लो नावाच्या ठिकाणी एकमेकांना शंका विचारतात, तिथला ‘यातून बाहेर कसं पडायचं’ हा प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा उघडून वाचला गेल्याचं त्यांनीच २०१७मध्ये जाहीर केलं होतं. आमच्या वर्गातल्या नांदेडने प्रश्न विचारलाच नाही. त्याने मशीनच बंद केलं.

खरी रंगत आली ती परवानग्यांच्या तासाला. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक, एक गट आणि उरलेलं जग असे तीन पक्ष असतात, आणि कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी चालवायचं हे चार, दोन आणि एक या आकड्यांत ठरतं. सगळं मिळून सात. मालकाला सात, गटाला पाच, जगाला पाच असा ७५५ हा सभ्य हिशेब झाला. पण इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कुठल्याही कचेरीत जा, डेव्हलपरचं काम अडलं की तो सर्व्हर सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनच्या टेबलापाशी येऊन एकच मागणी करतो, ‘७७७ दे ना बाबा.’ म्हणजे सगळ्यांना सगळं. का अडलं, कुठे अडलं, ही चौकशी नंतर. हा ‘नंतर’ अजून कुणी पाहिलेला नाही. सरांच्या म्हणण्याप्रमाणे अ‍ॅडमिनच्या निम्म्या नोकरीचा अर्थ ‘७७७ नाही’ हे निरनिराळ्या चेहऱ्यांनी सांगत राहणं हाच आहे. बंगळूरची रीत ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणण्याची, थोडं सांभाळून घ्या. अ‍ॅडमिनला तेवढंच करता येत नाही, आणि म्हणून त्याच्याबरोबर जेवायला कुणी बसत नाही.

मग ‘सुडो’. साध्या माणसाला घटकाभर मशीनच्या मालकाचा अधिकार उसना देणारा हा हुकूम. पण हा अधिकार असलेल्यांच्या यादीत तुमचं नाव नसेल तर लिनक्स दोन वाक्यं सुनावतं : तुम्ही यादीत नाही, आणि या प्रकाराची तक्रार केली जाईल. लातूरने हे वाचलं आणि तो जेवला नाही. तक्रार कुणाकडे जाते? एचआरकडे जाते का? तो तर अजून कुठल्या कंपनीत लागलेलाही नव्हता. शेवटी चिपळूणच्या मॅडमनी त्याला समजावलं, की तक्रार मशीनच्या मालकाकडे जाते, आणि सरावाच्या या मशीनचा मालक तूच आहेस. तेव्हा कुठे त्याने आपल्याविरुद्धची तक्रार आपणच उघडून वाचली, स्वतःला माफ केलं आणि खाली जाऊन दोन वडे खाल्ले.

मशीनचा मालक म्हणजे रूट. लिनक्सच्या दुनियेत रूटला सहसा कुणी ‘नक्की का?’ असं विचारत नाही. विंडोजवाल्यांना प्रत्येक गोष्टीत ‘आर यू शुअर’ची सवय; एक फाइल कचऱ्यात टाकायची म्हटली तरी पूर्वी खिडकी उघडायची. इथे ‘आरएम मायनस आरएफ’ म्हटलं की जे समोर येईल ते गेलं, आणि परत आणायला कचऱ्याची टोपलीही नाही. मुळापासूनच सगळं पुसायला निघालात, म्हणजे पुढे नुसता एक स्लॅश दिलात, तर गेल्या बऱ्याच वर्षांपासून लिनक्स अडवतं, एवढीच एक सुधारणा. पण त्या स्लॅशपुढे एक तारांकन टाका, अडवणारं कुणी नाही. सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. दोन्हींत तीच अक्षरं, तोच तारा. दुसरीत ताऱ्याआधी फक्त एक रिकामी जागा. पहिली ओळ ‘लॉग्ज’ या शब्दाने सुरू होणाऱ्या फाइली पुसते. दुसरी ‘लॉग्ज’ पुसते आणि मग शेजारचं जे असेल ते सगळं. फरक काय, तर स्पेसबार. आम्ही सगळ्यांनी आपापल्या अंगठ्याकडे बघितलं.

म्हणून सरांचा दंडक असा, की कुठलाही धोक्याचा हुकूम देण्याआधी तीन प्रश्न टाइप करायचे. मी कोण? कुठल्या मशीनवर? कुठल्या फोल्डरात? पहिल्याचा हुकूम तर शब्दशः ‘हू अ‍ॅम आय’ आहे. ज्या प्रश्नासाठी आपल्याकडे लोक घरदार सोडून हिमालयात जातात, तो इथे दर पाच मिनिटांनी विचारायचा, आणि उत्तर एका सेकंदात येतं : रूट. हे उत्तर आलं की घाबरायचं, असं सरांनी वहीत लिहून घ्यायला लावलं.

घाबरायला उदाहरणं भरपूर आहेत. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ला रात्री उशिरापर्यंत जागलेल्या एका इंजिनिअरने डेटाबेसचं फोल्डर पुसलं. त्याला वाटलं आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत. तो होता मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपास शिल्लक होतं. ठीक, बॅकअप आहेत ना? बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, आणि पाचांतली एकही भरवशाची नाही असं त्या रात्री कळलं. कामाला आली ती कुणी तरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी काढून ठेवलेली एक प्रत. कौतुक याचं, की त्यांनी ही सगळी दुरुस्ती यूट्यूबवर जगाला थेट दाखवली. आपल्याकडे एवढ्यात चौकशी समिती नेमून झाली असती. १९९८मध्ये ‘टॉय स्टोरी २’ हा सिनेमा बनत असताना असाच एक हुकूम कुणी तरी दिला आणि पात्रं एकेक करून पडद्यावरून नाहीशी व्हायला लागली. तिथेही बॅकअप निकामी. सिनेमा वाचला तो तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या एका बाईच्या घरच्या संगणकावर बरीचशी प्रत होती म्हणून. ‘सर, म्हणजे वर्क फ्रॉम होम चांगलं,’ निपाणी म्हणाला. धडा तोच होता असं नाही, पण सरांनी वाद घातला नाही.

डिस्क भरण्याचा तास मी जन्मात विसरणार नाही. सरांनी आमच्या मशीनमध्ये मुद्दाम एक खोड करून ठेवली होती. ‘डीएफ’ विचारलं तर उत्तर : डिस्क शंभर टक्के भरली. लातूरने हुशारीने शोध घेतला, तेव्हा लॉगची एक अगडबंब फाइल सापडली. त्याने तिन्ही प्रश्न विचारले, अंगठा सांभाळला आणि फाइल उडवली. पुन्हा ‘डीएफ’ : शंभर टक्के. मग ‘डीयू’ नावाचा दुसरा मोजणीदार लावला, तो म्हणतो, अहो, भरपूर जागा आहे की! दोन्ही हुकूम एकाच डिस्कबद्दल बोलत होते आणि दोन्ही खरं बोलत होते. अर्धा तास वर्ग हैराण. भानगड अशी, की लिनक्समध्ये फाइल पुसणं म्हणजे यादीतून तिचं नाव काढणं. पण चालू असलेला एखादा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला असेल, तर तो सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. मला एकदम आमच्या वाड्यातले जुने भाडेकरू आठवले. दारावरची पाटी काढलेली, मालकाच्या वहीतून नाव खोडलेलं, लाइटचं बिलही दुसऱ्याच्या नावाने. पण खोली काही रिकामी होत नाही. लिनक्समध्ये ‘एलएसओएफ’ म्हणून एक हुकूम आहे, तो अशा चिवट मंडळींची नावनिशी यादी देतो आणि प्रत्येक बळकावलेल्या फाइलीपुढे ‘डिलीटेड’ असा शेराही मारतो. मग तो प्रोग्रॅम रिस्टार्ट केला, की खोली तत्काळ मोकळी. ना कोर्ट, ना तारीख, ना बिल्डर. पुण्यात हा हुकूम चालत असता तर अर्ध्या पेठांचे वाडे वेळेत पडले असते.

वेळापत्रक सांभाळणाऱ्या क्रॉनचाही एक दिवस झाला. पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. वाराच्या रकान्यात शून्य म्हणजे रविवार आणि सात म्हणजेही रविवार. अख्ख्या आयटी उद्योगात आठवड्याला दोन रविवार देणारी ही एकमेव सोय आहे, आणि तीही सर्व्हरसाठी. शिवाय सर्व्हर बहुतेक करून जागतिक वेळेवर लावलेला असतो. म्हणून रात्री दोनला लावलेलं अवजड काम आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतं, अ‍ॅडमिन दात घासत असताना.

वेळेवरून आठवलं. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला शास्त्रज्ञ अधूनमधून एक सेकंद वाढवतात. ३० जून २०१२ला असा सेकंद वाढवला, आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट, साडेपाच, वर रविवार. त्या एका जादा सेकंदाने जगभरातले कितीतरी लिनक्स सर्व्हर भंजाळले. काम काहीच नाही आणि प्रोसेसर शंभर टक्के गरम. त्यावर सापडलेला उपाय असा : मशीनला वेळ विचारायची आणि तिने जी सांगितली तीच तिला परत ऐकवायची. एवढ्याने ती निवळायची. चिपळूणच्या मॅडम म्हणाल्या, आमच्या आजोबांनाही हेच लागतं. सरांनी हे मात्र वहीत लिहून घेतलं.

आता परीक्षा. रेड हॅटची आरएचसीएसए नावाची जी परीक्षा पोरांना द्यायची असते ती निव्वळ प्रात्यक्षिक. पर्यायांतून खूण करायची सोय नाही, इंटरनेट नाही. मदतीला मशीनमधली ‘मॅन’ पानं, ज्यांत सगळं असतं, फक्त आपण शोधतो ते कुठे हे नसतं. तीनशे मार्क, दोनशे दहाला पास. क्लासमधला हमखास सराव म्हणजे रूटचा पासवर्डच माहीत नसलेलं मशीन हातात देणं. सुरू होता होता त्याला मध्येच अडवायचं आणि कुलूप बदलायचं. लिनक्समधलं शिक्षण असं घरफोडीपासून सुरू होतं. पण पोरांचा घात करतं ते रिबूट. तुमची कामं तपासतात ती मशीन बंद करून पुन्हा सुरू झाल्यावर. सर्व्हिस ‘स्टार्ट’ केली आणि ‘एनेबल’ करायची राहिली, की रिबूटनंतर ती गायब. ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर मशीन अर्ध्या वाटेत आणीबाणी जाहीर करून थांबतं आणि आधी केलेली सगळी पुण्याई आत अडकते. सरावात नांदेडचं हे तीनदा झालं. चौथ्यांदा मशीन नीट वर आलं, तेव्हा त्याने नेहमीच्या सवयीने टाळी वाजवायला हात उचलले. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसतं लॉगिन.

आणि एवढं शिकून करायचं काय, तर काहीही होऊ द्यायचं नाही. या नोकरीचं विचित्रपण मला शेवटी शेवटी उमगलं. अ‍ॅडमिनने काम चोख केलं तर काही घडत नाही. जे घडलं नाही ते अप्रेझलच्या फॉर्मात लिहायचं कसं? बॅचमध्ये आधीच नोकरी करणारे दोघे-तिघे होते, ते सांगत, की ज्याचा सर्व्हर वर्षातून दोनदा पडतो आणि जो रात्रभर जागून तो उभा करतो, त्याला टाळ्या, ट्रॉफी आणि वर पिझ्झा. ज्याचा सर्व्हर वर्षभर पडलाच नाही त्याला ‘अपेक्षेप्रमाणे’ असा शेरा. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. जुलैचा शेवटचा शुक्रवार हा सिस्टिम अ‍ॅडमिनच्या कौतुकाचा दिवस म्हणून २०००पासून पाळतात; तो सुरू केला टेड केकाटोस नावाच्या अमेरिकेतल्या एका अ‍ॅडमिननेच. दुसऱ्या कुणाला सुचणार नव्हतं हे त्याने ओळखलं असावं.

घरच्यांना तर हा धंदा समजावणं त्याहून कठीण. निपाणीच्या मावसभावाची हकिकत वर्गात सांगितली गेली, ती मी ऐकली तशी देतो. तो इथेच अ‍ॅडमिन. गडहिंग्लजला मुलगी बघायला गेला. पोहे झाले, आजोबांनी गोत्र विचारलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. ऑन-कॉलचा आठवडा होता. हा उठून बाहेरच्या सोप्यात गेला आणि आतल्या पंधरा माणसांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, ‘चाइल्डला मारून काय उपयोग नाही, ते आधीच मेलंय. पेरेंटला मार… होय, पेरेंटला. आधी नुसतं सांगून बघ. नाही ऐकलं तर मायनस नाइन. पोरं अनाथ झाली तर होऊ देत, इनिट सांभाळतो त्यांना.’

परत येऊन बसला तेव्हा पोह्यांच्या बश्या उचलल्या गेल्या होत्या. मुलीच्या वडिलांनी नोकरी नेमकी कसली, हे पुन्हा एकदा विचारलं. आजीने देवघराचं दार लावून घेतलं. तेवढ्यात मुलगी, जी मघापासून खाली मान घालून बसली होती, तिने वर बघून विचारलं, ‘झॉम्बी होता का? पेरेंटचा पीआयडी बघितला का आधी?’ ती हिंजवडीत याच कामाला होती; चाइल्ड, पेरेंट ही चालू प्रोग्रॅमांची नाती तिला पाठ होती. लग्न मे महिन्यात झालं. दोघांचे ऑन-कॉलचे आठवडे एकाआड एक येतात, त्यामुळे घरात एक तरी माणूस झोपलेला असतो.

शेवटच्या रविवारी सरांनी २०३८ची गोष्ट सांगितली. लिनक्स वेळ मोजतं ती १ जानेवारी १९७०पासून उलटलेल्या सेकंदांत. जुन्या बत्तीस बिटांच्या मोजणीत हा आकडा २,१४७,४८३,६४७पर्यंतच जातो. तिथे तो पोचेल १९ जानेवारी २०३८ला, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्याच्या पुढच्या सेकंदाला न बदललेली यंत्रं समजतील, की आज डिसेंबर १९०१ आहे. नव्या यंत्रांत चौसष्ट बिट आले, त्यांना काही होणार नाही. प्रश्न आहे तो कुठे कुठे भिंतींत, मीटरांत, कारखान्यांत चिणून बसलेल्या आणि कुणी विचारत नाही म्हणून गप्प असलेल्या जुन्या डबड्यांचा.

वर्गात बोटांवर वयं मोजली गेली. नांदेडने फोनवर त्या दिवशीचा वार खरंच मंगळवार आहे का तपासलं. आहे. लातूरने हात वर केला.

‘सर, त्या दिवशी ऑन-कॉलला कोण असणार?’

सर केबल गुंडाळत होते. ‘तुम्हीच की हो,’ ते म्हणाले. ‘माझी रिटायरमेंट ३७ला आहे.’